जुन्या जीपचा करंट : पॉइंट, कॉइल, प्लग कुठले घ्यावेत?

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या काळातली पेट्रोल जीप आहे. आरसी बुकात साल १९६८, इंजिन हरिकेन. एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतलेली. बरीच वर्षं गोठ्याशेजारी उभी होती, आता तिला मूळ रूपात चालू करायचं आहे. मिस्त्री म्हणतो, डिस्ट्रिब्यूटर नवा मागवा. मुलगा म्हणतो, अमेरिकेतला ऑटो-लाइट कंपनीचा मागवू, तोच ओरिजिनल. आत्ता गाडीत आहे त्यावर मात्र लुकास-टीव्हीएस लिहिलेलं आहे. त्या काळाला धरून बरोबर कोणता? — एक वाचक, साकोली

उत्तर : गाडीत आहे तोच. लुकास-टीव्हीएसचा डिस्ट्रिब्यूटर भंगारात देऊ नका आणि ऑटो-लाइटसाठी परदेशी पैसेही पाठवू नका. जुन्या गाडीचे भाग निवडताना बहुतेकांची फसगत नेमकी इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

विलीज जीप मूळची अमेरिकेतल्या टोलेडो शहरातली. ऑटो-लाइट कंपनीही त्याच शहरातली. महायुद्धातल्या जीपमध्ये ऑटो-लाइटचा डिस्ट्रिब्यूटर आणि सहा व्होल्टची बॅटरी असे, हे मुलाचं वाचन बरोबर आहे. पण तुमची जीप टोलेडोहून आलेली नाही. महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जुळणी सुरू केली, पुढे उंच बॉनेटचं सीजे-३बी मॉडेल इथेच बनू लागलं. बॉनेट उंच असण्याचं कारण तुमचं हरिकेन इंजिनच आहे. त्याचे इनलेट वॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळे ते जुन्या इंजिनापेक्षा उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. तो काळ परकीय चलनाच्या टंचाईचा होता. बाहेरून येणारा एकेक भाग देशात बनवण्याकडे सरकारचा आणि कारखानदारांचा कल होता. बंगळुरूची मायको १९५१ साली निघाली, चेन्नईची लुकास-टीव्हीएस १९६१ साली. म्हणजे १९६८ च्या भारतीय जीपच्या अंगावर भारतीय कंपनीचा विजेचा भाग असणं हाच त्या काळाचा खरा पुरावा आहे. अमेरिकन डिस्ट्रिब्यूटर बसवला तर गाडी टोलेडोची दिसेल. वैनगंगेच्या खोऱ्यात सरकारी कामावर फिरलेली जीप तशी नव्हती.

आता गाडीलाच विचारा. डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेरच्या अंगावरची तेल-माती रॉकेलच्या फडक्याने हळूच पुसा. वायर ब्रश लावू नका, आकडे घासले जातात. लुकासच्या घडणीच्या डिस्ट्रिब्यूटरवर मॉडेलचं नाव, भाग क्रमांक आणि बहुधा आठवडा-साल असे आकडे ठोकलेले असतात. समजा ‘२३ ६७’ दिसलं, तर तो भाग १९६७ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडीच्या सालाच्या आधीचे काही महिने निघाले तर तो कारखान्यातूनच बसून आला असण्याची शक्यता मोठी. १९७४-७५ निघालं, तर खात्याच्या वर्कशॉपमध्ये केव्हातरी बदलला गेला. तसं असलं तरी मी तो काढणार नाही. गाडी नोकरीत असताना तिला जे भाग लागले तेही तिच्याच इतिहासाचे आहेत.

ठेवायचा म्हटला तर तो चालला पाहिजे. झाकण काढा, रोटर उचला आणि शाफ्टचं टोक चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहा. जाणवण्याइतकं हललं तर बुश झिजलाय. अशा डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंटचा गॅप तुम्ही कितीही काटेकोर लावा, शाफ्ट फिरताना तो प्रत्येक सिलिंडरला वेगळा होतो आणि इंजिन स्लो स्पीडला लंगडतं. इथेच मिस्त्री म्हणतात, नवा आणा. नव्याची गरज नसते. चांगल्या लेथवाल्याकडून कांस्याचा बुश काढून घ्या, आधी तेलात भिजवून मग बसवा. भंडारा पितळेचं गाव म्हणून ओळखलं जातं. तांब्या-पितळेची जाण असलेला कारागीर आपल्या जिल्ह्यात शोधावा लागू नये. शाफ्ट स्वतःच झिजला असेल तर तोही हलका घासून त्या मापाचा बुश करता येतो.

खालच्या अंगाला वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. एक स्प्रिंग ताठ आणि दुसरी सैल दिसते. ती सैल मुद्दाम तशी असते, कमी वेगाला एकीने आणि जास्त वेगाला दोघींनी मिळून वजनं आवरावीत म्हणून. ‘ढिली झालीय’ म्हणून दोन्ही सारख्या ताठ स्प्रिंगा बसवलेल्या जीपा मी पाहिल्या आहेत. त्या चढावर दम टाकतात आणि दोष कार्बोरेटरवर जातो. व्हॅक्यूमचा डबा असेल तर त्याच्या नळीतून तोंडाने हवा ओढा आणि जिभेने नळी बंद करा. आतली प्लेट सरकून तिथेच थांबली तर पडदा शाबूत आहे.

मग पॉइंट. इथे एक गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगा. गॅप गाडीवर ठरत नाही, डिस्ट्रिब्यूटरवर ठरतो. जीपच्या जुन्या पुस्तकात ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर लिहिलेला असतो. तो ऑटो-लाइटच्या डिस्ट्रिब्यूटरचा. लुकासच्या डिस्ट्रिब्यूटरला ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पाठ झालेलं वीस थाउ, म्हणजे ०.०२० इंच, लुकासलाही लावलं की पॉइंट मिटलेले राहण्याचा वेळ कमी होतो. पॉइंट मिटलेले असतात तेवढ्याच वेळात कॉइल भरते. वेळ कमी पडला की चढाला, भरल्या गाडीत, वरच्या वेगाला ठिणगी अशक्त होते. गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, म्हणून आधी गॅप आणि मग टायमिंग हा क्रम कधी उलटा करू नये. फिलर गेज घालताना पॉइंटचा फायबरचा गुडघा कॅमच्या बरोबर कोपऱ्यावर आहे ना, हे वाकून नीट बघा. कॅमला तांदळाच्या दाण्याएवढं ग्रीस पुरतं. त्याहून जास्त लावलं की ते उडून पॉइंटवर बसतं आणि पॉइंट काळे पडतात.

कंडेन्सरच्या बाबतीत माझं मत जुन्या वस्तूंच्या शौकिनांना आवडत नाही, तरी सांगतो. जुन्या दुकानाच्या फळीवर चाळीस वर्षं न उघडलेल्या खोक्यात पडलेला कंडेन्सर घेऊ नका. पॉइंट जुन्या साठ्यातले चालतात, वापरण्याआधी पेट्रोलने किंवा स्पिरिटने पुसून टंगस्टनवरची झिलई काढली की झालं. कंडेन्सरच्या पोटात धातूची पातळ पट्टी आणि तेलात भिजवलेला कागद असतो. पावसाळ्यामागून पावसाळे जातात आणि खोकं न उघडताही त्या कागदात ओल शिरते. असा कंडेन्सर थंडीत चालतो, इंजिन तापलं की दगा देतो. साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा, चांगल्या बनावटीचा नवा घ्या आणि जुना डबीत जपून ठेवा. काही दिवस गाडी चालवून पॉइंट पाहा. एका तोंडावर खड्डा आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा दिसू लागला तर कंडेन्सरचं माप चुकलंय.

झाकण आणि रोटर नवे घेताना रोटर हातात घेऊन निरखा. पितळेची पट्टी रिव्हेटने ठोकलेली असेल आणि रिव्हेटचं टोक आत शाफ्टच्या भोकापर्यंत पोचत असेल, तर करंट तिथून सरळ शाफ्टमध्ये उतरतो आणि गाडी रस्त्यात मुकी होते. जुने रोटर बहुधा पट्टी साच्यातच घट्ट बसवून ओतलेले असत. तसा मिळाला तर दोन घेऊन ठेवा. झाकणाला आतून बोटाने चाचपा आणि उन्हात धरून पाहा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंटने तिथे वाट पाडली आहे. धानाच्या हंगामात, बांधीत पाणी साचलेलं असताना पहाटे चालू न होणाऱ्या निम्म्या जुन्या गाड्यांत हीच रेघ सापडते.

प्लगच्या वायरी तुमच्या जीपला तांब्याच्या तारेच्याच घ्या. रेडिओचा खरखराट थांबवणाऱ्या कार्बनच्या वायरी पुढे सर्रास आल्या, पॉइंटच्या गाडीला त्यांची सक्ती नाही. जुन्या पद्धतीची काळी, सात मिलिमीटर जाडीची, आत तांबं असलेली वायर आजही मापाने विकत मिळते.

प्लगच्या आकड्यांचा गोंधळ मात्र मोठा आहे. एकदा समजून घेतला की आयुष्यभर उपयोगी पडेल. प्रत्येक प्लगची उष्णता बाहेर टाकण्याची ताकद वेगळी असते. उष्णता लवकर टाकणारा तो थंड प्लग, उशिरा टाकणारा तो गरम. मायकोच्या जुन्या प्लगवर डब्ल्यू १४५, डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ असे आकडे असत, तिथे आकडा वाढला की प्लग थंड. पुढे मायकोमागच्या बॉशने पद्धत उलटवली. १४५ चा झाला ८, १७५ चा ७, २२५ चा ५, म्हणजे नव्या आकड्यात आकडा वाढला की प्लग गरम. चॅम्पियनची पद्धत आधीपासून तशीच, आकडा मोठा तर प्लग गरम. एनजीकेची नेमकी उलट, आकडा मोठा तर प्लग थंड. आता दुकानदार म्हणतो, ‘हा नाही, त्याच्या वरचा देतो,’ तेव्हा वर म्हणजे कुठे, हे त्याला विचारायलाच हवं. तुमच्या इंजिनाला पुस्तकात चॅम्पियनचा जे-८ सांगितलेला असतो. चौदा मिलिमीटरचा आटा, आट्याची लांबी तीन अष्टमांश इंच, टोकांमधला गॅप ०.०३० इंच. आट्याची लांबी चुकवू नका. लांब आट्याचा प्लग सिलिंडरमध्ये डोकावतो, उघडे आटे तापून लाल होतात आणि कधी वॉल्व्हवरही आदळतात.

शेवटी जुळणी. तुमच्या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. पंप कधी काढून एक दात चुकवून बसवला असेल, तर डिस्ट्रिब्यूटर कितीही फिरवा, टायमिंग जागेवर येत नाही. मग मिस्त्री झाकणावरच्या वायरी एकेक घर सरकवून काम भागवतात. वायरी पुस्तकाप्रमाणे नसतील तर आधी पंपावर संशय घ्या. पहिला प्लग काढून भोकावर अंगठा ठेवा, हँडलने इंजिन फिरवा. अंगठा आतून ढकलला गेला की कॉम्प्रेशन आलं. आता टायमिंगची खूण पिस्टन सर्वांत वर येण्याच्या ५ अंश आधी आणा. रोटर त्या क्षणी ज्या घराकडे तोंड करून असेल ते पहिल्या सिलिंडरचं घर. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने १-३-४-२ असा क्रम लावा. पॉइंटची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोडा, चावी ऑन करा आणि डिस्ट्रिब्यूटर रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने हळूहळू फिरवा. बल्ब लागला त्या जागी बोल्ट आवळा. टायमिंग लाइट नसेल तरी या रीतीने जीप पहिल्या-दुसऱ्या हँडलला चालू व्हायला हवी.

प्रश्न : माझी प्रीमियर पद्मिनी मे महिन्यात तुमसरहून निघाली की अर्ध्या वाटेत बंद पडते. अर्धा तास थांबलं की चालू. पेट्रोल पंप बदलला, टाकी धुतली. कॉइलही नवी टाकली, तरी तेच. — एक वाचक, तुमसर

उत्तर : ‘कॉइलही नवी टाकली’ या तुमच्या शब्दांवरच माझा संशय आहे.

आधी रस्त्यावर करायची परीक्षा. गाडी बंद पडल्या पडल्या, थंड होऊ न देता, एका प्लगची वायर काढा. रबरी मुठीच्या पकडीने ती ब्लॉकपासून अर्धा सेंटिमीटर अंतरावर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, टक् असा आवाज करणारी ठिणगी आली तर करंट ठीक आहे. मग पेट्रोलची वाफ झाली असं समजा आणि पंपावर ओलं फडकं ठेवा. ठिणगी पिवळसर, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर ओलं फडकं कॉइलवर ठेवा. पाच मिनिटांत गाडी चालू झाली की गुन्हेगार सापडला. या एका परीक्षेने पंप आणि टाकीचा खर्च वाचला असता.

आता नवी कॉइल का हरते ते पाहू. बारा व्होल्टच्या गाड्यांत दोन प्रकारच्या कॉइली येतात. एका प्रकारात कॉइलला पूर्ण बारा व्होल्ट सोसायचे असतात, तिच्या दोन बारीक टोकांमधला रोध साधारण ३ ओहम. दुसऱ्या प्रकारात वाटेत एक वेगळा रेझिस्टर असतो आणि कॉइलचा स्वतःचा रोध सुमारे दीड ओहम. दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात, दुकानात ‘बारा व्होल्टची कॉइल द्या’ म्हटलं की हाताला येईल ती मिळते. रेझिस्टरसाठी बनलेली कॉइल तुमच्या गाडीत थेट जोडली तर बारा भागिले तीन म्हणजे चारऐवजी बारा भागिले दीड म्हणजे आठ अँपिअर वाहतात. कॉइल तापते, पॉइंट जळतात, आणि विदर्भाच्या मे महिन्यात, बॉनेटखालच्या उन्हात ती अर्ध्या वाटेत मान टाकते. कॉइलची एक वायर काढून मल्टिमीटर लावा, दोन मिनिटांत कळेल. सहा व्होल्टची जुनी जीप बारा व्होल्टची करून घेणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. बॅटरी, बल्ब, डायनॅमो बदलतात आणि सहा व्होल्टची कॉइल तशीच राहून जाते.

जोडणीही बघा. तुमच्या गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला आहे. कॉइलची प्लस खूण स्विचकडे आणि मायनस डिस्ट्रिब्यूटरकडे हवी. उलटी जोडली तरी गाडी चालू होते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि भार आला की मिसिंग सुरू होतं. आणि गाडी बंद करून रेडिओसाठी चावी ऑन ठेवायची सवय असेल तर मोडा. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर कॉइलमधून अखंड करंट वाहत राहतो.

भागांसाठी मुंबईत जाणं झालं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फेरी मारा. गाडीचा कारखानाही कुर्ल्याचाच होता. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली. रोजचं गिऱ्हाईक संपलं की दुकानदार असा माल पुढे ठेवत नाहीत, म्हणून झाकण, रोटर आणि पॉइंटचे दोन-तीन संच आत्ताच घेऊन ठेवलेले बरे.

प्रश्न : मुलगा मिशिगनला असतो. त्याने १९६८ ची मस्टँग घेतली. प्लगच्या वायरींवर तारीख छापलेली हवी म्हणून तो साध्या वायरीच्या कितीतरी पट पैसे द्यायला निघालाय. वायरीला कसली आलीय तारीख? — एक वाचक, लाखनी

उत्तर : तारीख खरंच असते, आणि मुलगा वेडा नाही. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून तिकडे मोठ्या व्ही-आठ इंजिनाच्या, तुफान पळणाऱ्या गाड्यांची लाट आली, त्यांना मसल कार म्हणतात. व्ही-आठ इंजिनाची फोर्ड मस्टँग त्याच घरातली. या गाड्यांची प्रदर्शनं भरतात आणि परीक्षक बॉनेट उघडून आकडे वाचतात. फोर्डच्या त्या काळच्या वायरींवर ऑटोलाइट हे नाव आणि तिमाही-साल छापलेलं असे, उदाहरणार्थ १९६७ ची चौथी तिमाही. नियम साधा : भागाची तारीख गाडी बनण्याच्या आधीची हवी, पण फार आधीची नको. जानेवारीत बनलेल्या गाडीवर त्याच वर्षाच्या जूनमधली वायर म्हणजे ती नंतर बदललेली.

ऑटोलाइट हे तेच वर जीपच्या प्रश्नात आलेलं टोलेडोचं नाव. फोर्डने १९६१ साली ते नाव आणि प्लगचा कारखाना विकत घेतला. सरकारने मक्तेदारीच्या कायद्याखाली खटला भरला, प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७२ च्या निकालाने फोर्डला ते विकावं लागलं. त्यानंतर फोर्डच्या भागांवर मोटरक्राफ्ट हे नाव आलं. म्हणजे १९६८ च्या मस्टँगमध्ये मोटरक्राफ्ट छापलेली वायर दिसली तर तारीख न वाचताही ती नंतरची आहे हे कळतं. मला हा सगळा प्रकार फार आवडतो, एका कोर्टाच्या निकालाची खूण प्लगच्या वायरीवर सापडते.

डिस्ट्रिब्यूटरचंही तसंच. फोर्डच्या भाग क्रमांकात पहिलं अक्षर दशकाचं : सी म्हणजे १९६०चं दशक, डी म्हणजे १९७०चं. पुढचा आकडा सालाचा. मधला १२१२७ हा आकडा म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. म्हणून सी८ ने सुरू होऊन मध्ये १२१२७ असेल तर तो १९६८ साठी आखलेला डिस्ट्रिब्यूटर. आखणीचं साल आणि त्या नगाच्या घडणीची तारीख वेगळी, ती बाजूला ठोकलेली असते. जनरल मोटर्सच्या गाड्यांत डेल्को-रेमीच्या डिस्ट्रिब्यूटरवर सालाचा आकडा, महिन्याचं अक्षर आणि दिवस असतो. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, आणि आय हे अक्षर एक या आकड्यासारखं दिसतं म्हणून वगळलेलं.

मुलाला एकच सांगा. तारखेच्या वायरी जुन्या, वापरलेल्या घेऊ नको म्हणावं. रबर म्हातारं होतं, तारीख कितीही बरोबर असली तरी. तारखेसकट नव्याने बनवलेल्या वायरी तिकडे मिळतात. त्या प्रदर्शनाला लावाव्यात आणि रोजच्या फिरण्याला साध्या नव्या वायरी. आणि त्या गाडीत इग्निशन स्विचपासून निघणारी एक गुलाबी वायर आहे का ते तपासायला सांगा. ती साधी वायर नसून कॉइलसाठी व्होल्टेज उतरवणारा लांबलचक रेझिस्टर आहे. आधीच्या मालकाने ती काढून साधी वायर टाकली असेल तर तुमसरच्या पद्मिनीचीच कथा मिशिगनमध्येही घडेल.

प्रश्न : पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज नोंदणी करायची आहे. पॉइंट काढून झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक संच बसवला तर अडचण येईल का? — एक वाचक, पवनी

उत्तर : २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने केलेल्या नियमात पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी व्हीए अक्षरांची वेगळी मालिका आली. गाडी मूळ रूपात हवी, आणि नियमाचा रोख चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरबदल नसावेत यावर आहे. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, नूतनीकरण ५,००० रुपये. विदर्भात बऱ्याच पेट्रोल जीपांची इंजिनं काढून डिझेलची बसवली गेली. त्या गाड्यांना अडचण तिथे येणार, पॉइंटमुळे नव्हे.

झाकणाखाली मावणारा संच मला मान्य आहे, दोन अटींवर. डिस्ट्रिब्यूटरला एकही नवं भोक पाडायचं नाही, आणि काढलेली पॉइंटची प्लेट, पॉइंट, कंडेन्सर एका डबीत गाडीतच ठेवायचे. तो संच वाटेत बिघडला तर लाखांदूरच्या रस्त्यावर कोणी दुरुस्त करून देणार नाही. पॉइंट मात्र स्क्रू ड्रायव्हर आणि फिलर गेज हाताशी असेल तर रस्त्याच्या कडेला बसूनही बसवता येतात. संच घेण्याआधी बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे ते पाहा, उलट जोडला तर पहिल्याच चावीला जळतो. आणि तांब्याच्या वायरी काढून रोध असलेल्या लावा, नाहीतर संचाचं इलेक्ट्रॉनिक्स गोंधळतं.

नोंदणीच्या आधी एका गोष्टीचा विचार करा. व्हीए क्रमांकाची गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच परवानगी. गाडी शेतावर न्यायची असेल, आठवडी बाजाराला काढायची असेल, तर हा क्रमांक घेऊ नका. नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण आणि फिटनेस करून घ्या.